बाबांच्या हृदयाला पस्तीस टक्के

लालबाग,
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. कमलआत्या,

दर्शनाचा नमस्कार. पत्रात आधी खुशाली विचारतात हे मला ठाऊक आहे. या वेळी घडलं ते आधी लिहिते. खुशाली त्याखाली आहे, वगळलेली नाही.

१. गेल्या जूनपासून बाबांना दुसऱ्या मजल्यावर यायला दोनदा थांबावं लागत होतं. त्यांनी त्याला गॅस म्हटलं.

२. २४ सप्टेंबरला परळच्या हॉस्पिटलात तपासणी झाली. हृदयाचे ठोके अनियमित. पंप करण्याची क्षमता पस्तीस टक्के.

३. त्याच संध्याकाळी बाबांनी चाळीत पेढे वाटले.

४. १७ ऑक्टोबरला ऑपरेशन झालं. नीट झालं.

५. २० जानेवारीला पुन्हा तपासणी. ठोके नियमित. क्षमता बावन्न टक्के.

६. २१ जानेवारीला बाबांनी तुला फोन केला. अकरा मिनिटं.

७. २२ जानेवारीपासून त्यांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद केली. आज अठरावा दिवस. रोज दोन याप्रमाणे छत्तीस गोळ्या.

सहा आणि सात यांचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. मी क्रम लिहिला. गोळी बंद राहिली तर हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत जाऊ शकते, आणि बाबा एका बाजूनं लुळे पडू शकतात. पत्राचं कारण एवढंच आहे.

आता खुशाली. तुझे गुडघे कसे आहेत? काजूला मोहोर धरला का? नवीन गाय दूध देते की नुसतं खाते? (मागच्या वेळी तू दोन्ही उत्तरं दिली होतीस.) फोन न करता पत्र का लिहिते, तर गेल्या तीन फोनांची वेळ मी पाहिली. त्या सगळ्यांत मिळून माझ्या वाट्याला चाळीस सेकंद आले आणि त्यातले निम्मे ‘हॅलो’त गेले. शिवाय रेंज यावी म्हणून तू फोन खिडकीत ठेवतेस आणि बोलता बोलता चुलीपाशी जातेस, त्यामुळे माझं म्हणणं बहुतेक कावळ्यांनी ऐकलेलं असतं. पत्र तू दोनदा वाचतेस, एकदा मनात आणि एकदा मानसीवहिनीला ऐकवून. मला ते दोन्ही हवं आहे.

पेढ्यांचं सांगते, कारण तिथूनच सगळं बिघडलं, आणि त्याचं मूळ तुझ्याकडे आहे. बाबा गिरणीत बदली कामगार म्हणून लागले तेव्हा रात्रशाळेतून दहावीला बसले होते. गणितात पहिल्यांदा एकोणतीस, दुसऱ्यांदा एकतीस. तिसऱ्या वेळी तू, स्वतः सातवीत शाळा सुटलेली, फूटपट्टी घेऊन त्यांच्यासमोर बसलीस आणि पस्तीस आले. हे मला लहानपणापासून इतक्यांदा सांगण्यात आलं आहे की पस्तीस हा आमच्या घरात आकडा राहिलेला नाही, तो कुलदेवतेच्या खालोखाल आहे. तर त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी गंभीर चेहऱ्यानं रिपोर्ट पुढे केला आणि म्हणाल्या, गणपतराव, पस्तीसच आहे हो. बाबांनी दोन्ही हात जोडले. बाईंना वाटलं, माणूस धीराचा आहे. मी तेव्हा विम्याच्या खिडकीवर होते. (माझी चूक. एका माणसानं दोन खिडक्या सांभाळू नयेत.) मी फॉर्म भरून, शिक्का घेऊन घरी पोचेपर्यंत आमच्या मजल्यावर प्रत्येकाच्या हातात पेढा होता. समोरच्या खोलीतले गुणाजीकाका दुसरा पेढा घेत होते.

‘काठावर पास की रे, गणपत.’

‘काठावर तर काठावर. एका फटक्यात झालो, ते बघ.’

मी चाळीच्या गॅलरीत उभी राहून समजावून सांगितलं की हृदय दर ठोक्याला आपल्यात भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर ढकलतं त्याचा हा आकडा आहे, धडधाकट माणसाचा पंचावन्नच्या वर असतो, आणि बाबांचं हृदय जेमतेम अर्ध्या कामावर आहे. बाबांनी विचारलं, बोर्डात पहिला आलेल्याला किती असतात? मी म्हटलं, सत्तर. शंभर कोणालाच नसतात. त्यावर बाबा समाधानानं म्हणाले, म्हणजे पेपर तपासणारा कडक आहे, त्या मानानं पस्तीस चांगले. आजाराच्या नावाचंही तेच झालं. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. बाबांनी ते पहिल्या दिवशी फिब्रेशन केलं आणि आठवड्यात चाळीत त्याचं फेब्रुवारी झालं. खालच्या दुकानात मला दोघांनी काळजीनं विचारलं की बाबांना फेब्रुवारी झालाय म्हणे. एकानं, मार्चपर्यंत उतरेल, असा धीरही दिला.

ऑपरेशनला बाबा तयार नव्हते. पास झालेल्यानं परत परीक्षेला का बसायचं, हा त्यांचा मुद्दा. डॉक्टरीणबाईंनी धोका सांगितला, आईनं शपथ घातली, मी आलेख काढून दाखवला. काही उपयोग झाला नाही. मग मंडळाच्या हॉलमध्ये मोफत हृदय तपासणीचं शिबिर झालं आणि त्यात गुणाजीकाकांना, ज्यांनी आयुष्यात तंबाखू सोडून दुसरा व्यायाम केलेला नाही, बासष्ट टक्के मिळाले. काका तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गॅलरीभर फिरले आणि आमच्या दारात थांबून एवढंच म्हणाले, फर्स्ट क्लास. दुसऱ्या दिवशी बाबांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली. सही करताना तारीख पाहून म्हणाले, ऑक्टोबर. नापासांची परीक्षा ऑक्टोबरातच असते. हे त्यांनी स्वतःहून कबूल केलेलं पहिलं वैद्यकीय सत्य.

ऑपरेशन काय होतं ते तुला नीट माहीत असावं, कारण बाबांनी फोनवर जे सांगितलं त्यातलं निम्मं मला मान्य नाही. छाती उघडली नाही. दोन्ही बाजूंना बरगड्यांमधून तीन-तीन लहान छिद्रं पाडली, त्यातून कॅमेरा आणि अवजारं घातली, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यावर ठरावीक रेषांत चटके दिले. ठोके बिघडवणारा विजेचा गोंधळ त्या रेषांपाशी अडतो. शिवाय त्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक पिशवी असते, गुठळ्या बहुतेक तिथेच होतात, म्हणून तिच्या मुळाशी क्लिप लावून ती बंद केली. डॉक्टरीणबाईंनी समजावताना कान हा शब्द वापरला. तो वापरायला नको होता. बाबा आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की आत चटके दिले, कान पिळला, तेव्हा कुठे हृदय सुधारलं, आणि बायनं हेच पन्नास वर्षांपूर्वी बिनखर्चात केलं होतं. (बाय म्हणजे तू. मी खुलासा करायची गरज नव्हती, पण हे वाक्य मानसीवहिनीही ऐकणार आहे.)

नंतरचे तीन महिने ते वागले मात्र शिस्तीत. मीठ कमी केलं. सुकट सोडली, म्हणजे घरातली सोडली. रोज सकाळी चालायला सुरुवात केली, आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग पुलापर्यंत, आणि डिसेंबरात पार हिंदमातापर्यंत. तिथे दम खायला ते साड्यांच्या दुकानांसमोर उभे राहतात. रोज उभे राहिल्यामुळे एका दुकानातला दीपक नावाचा सेल्समन त्यांना मोठं गिऱ्हाईक समजू लागला आहे. तो त्यांना स्टूल देतो, पाणी देतो आणि पैठण्या उलगडून दाखवतो. बाबा प्रत्येकीचा पोत बोटांनी बघतात, गिरणीतल्यासारखी मान हलवतात आणि ठोके खाली आले की उठतात. हॉस्पिटलात सहा मिनिटं चालायची चाचणी असते. त्यात पहिल्या वेळी त्यांनी एकशे नव्वद मीटर अंतर कापलं, जानेवारीत चारशे दहा. हा आकडा बावन्न टक्क्यांइतकाच महत्त्वाचा आहे, पण तो शंभरातला नसल्यामुळे घरात कोणी विचारात घेत नाही.

रोज संध्याकाळी सात वाजता मी त्यांचं मनगट धरून पूर्ण एक मिनिट नाडी मोजते. पहिल्या सहा आठवड्यांत ती अधूनमधून बिघडायची. मध्येच एखादा ठोका गाळायची, मग तीन घाईघाईनं टाकायची. जखम भरेपर्यंत असं होतं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. ७ डिसेंबरपासून ती सरळ आहे, मिनिटाला अडुसष्ट ते चौऱ्याहत्तर. त्यानंतर रोज मोजायची गरज नाही असंही डॉक्टरांनी सांगितलं. मी मोजते. (ठाकूरद्वारच्या आमच्या लॅबमध्ये मी दिवसभर दुसऱ्यांचे काटे आणि दाबमापकं बरोबर आहेत का ते तपासते. सवयीचा भाग आहे.)

२० जानेवारीला बावन्न आले. खोलीत मी, बाबा आणि पडद्यावर त्यांचं हृदय असे तिघं होतो, आणि ते हृदय खरोखर दारासारखं उघडत-मिटत होतं, सप्टेंबरसारखं नुसतं थरथरत नव्हतं. मला बरं वाटलं. बाबा म्हणाले, सेकंड क्लास. मग त्यांनी मशीनवरच्या मुलीला विचारलं की रीचेकिंगची सोय आहे का. मी त्यांना सांगितलं की कुठल्याही मोजमापात थोडं इकडे-तिकडे असतंच आणि दोन माणसांनी हेच हृदय मोजलं तर पाच टक्के फरक पडू शकतो. त्यातून त्यांनी सत्तावन्न ऐकलं. सत्तेचाळीसही असू शकेल हे मी लगेच म्हटलं होतं, पण ते तोवर मनात गुणाजीकाकांशी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला निकाल सांगायला फोन केला. मी स्वयंपाकघरात चटणी वाटत होते आणि मिक्सर चालू होता. तो दोनदा थांबला. पहिल्यांदा थांबला तेव्हा स्पीकरवरून तुझा आवाज आला, ‘रगात पातळ करून काय कढी करूची आसा?’ दुसऱ्यांदा थांबला तेव्हा बाबांचा, ‘बरां. मगे मी पण घेणंय नाय.’ (‘पण’ कशाला, ते कळलं नाही. मालवणीत बाबा तो शब्द मिठासारखा टाकतात.) दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद.

मी वाद घातला. ते म्हणाले, परीक्षा संपली की पुस्तकं रद्दीत देतात. मी म्हटलं, ठोके पुन्हा बिघडू शकतात, आणि ते बिघडले तर दर वेळी कळतंच असं नाही. तुमचं वय, रक्तदाब आणि आधीचे पस्तीस बघता डॉक्टरांनी ही गोळी कायमची लिहिली आहे. ते म्हणाले, कानाला क्लिप आहे, गुठळी होईल कुठे? मी म्हटलं, क्लिप आहे म्हणून धोका कमी आहे, शून्य नाही. ते म्हणाले, बाय सांगते ती खोटी? इथे माझं काम थांबतं. या दाबासाठी आमच्या लॅबमध्ये मापक नाही. डॉक्टरीणबाईंपुढे ते हो म्हणाले आणि बाहेर येऊन माझ्याकडे बघून म्हणाले, चांगली मुलगी आहे, पण तिला बाय माहीत नाही. आईनं गोळी केळ्यात घालून दिली. त्यांनी केळं खाल्लं आणि गोळी ताटाच्या कडेला ठेवली, माशाचा काटा ठेवतात तशी.

तेव्हा आत्या, माझी विनंती अशी. तू त्यांना फोन कर आणि ‘गोळी घे’ एवढे दोनच शब्द बोल. कारण सांगू नकोस, कारणाशी ते वाद घालतात. गायीचं, काजूचं, वाडीतल्या भांडणाचं त्या फोनमध्ये काही नको, कारण मग हे दोन शब्द मध्ये कुठेतरी हरवतील. तुला दोष देत नाही. तू त्यांना आयुष्यात एकदा पास केलंस आणि तेव्हापासून ते तुझं ऐकतात. तुझ्या एका वाक्यानं काय होतं हे तुला कोणी मोजून दाखवलं नव्हतं, म्हणून दाखवलं.

आई नमस्कार सांगते. बाबा हिंदमाताला गेले आहेत.

तुझी,
दर्शना

ता. क. (रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी दहा) पत्र पाकिटात घातलं होतं, चिकटवायचं बाकी होतं. बाबांनी पाहिलं आणि कोणाला ते विचारलं. मी सांगितलं, बायला, तुमची तक्रार आहे. ते खुर्चीत बसले आणि हसले, आणि मग हसायचे थांबले आणि खरं काय ते सांगितलं. वरच्या पत्रात एक मोठी चूक आहे. पत्र फाडून नवं लिहिता आलं असतं, पण आमच्या लॅबमध्ये चुकलेली नोंद खोडरबरानं पुसत नाहीत. ती तशीच ठेवून शेजारी बरोबर नोंद लिहितात आणि खाली सही करतात. ती अशी:

कढीचं वाक्य तू बाबांच्या गोळीबद्दल बोललीच नव्हतीस. ते तुझ्या स्वतःबद्दल होतं. अकरापैकी नऊ मिनिटं तुझ्याबद्दल होती. विहिरीवरून येताना तू तीनदा बसतेस. छातीत चिमणी कोंडल्यासारखं फडफडतं, कधी तासभर, कधी दिवसभर. बाबांनी तुला सांगितलं की त्यांचंही असंच सुरू झालं होतं, कणकवलीला जाऊन ईसीजी काढ. तू म्हणालीस, डॉक्टर गोळ्या देतील, रगात पातळ करून काय कढी करूची आसा, मी जाणंय नाय आणि काय घेणंय नाय. त्यावर ते म्हणाले, बरां, मगे मी पण घेणंय नाय. ‘पण’ हा शब्द त्या वाक्यातला मुख्य होता. मी तो मीठ समजले. वर तू त्यांना शपथ घातलीस की घरात कोणाला सांगू नको, म्हणून त्यांनी मला परीक्षा, पुस्तकं, कान असं काहीबाही सांगून अठरा दिवस भलत्याच वाटेला लावलं आणि मी ते सगळं खोडून काढत बसले.

म्हणजे हा गैरसमज नव्हता, संप होता. बाय ईसीजी काढत नाही तोवर गोळी नाही. गिरणीतल्या माणसाला संप शिकवावा लागत नाही, पण हा कोणाला न कळवता केलेला पहिलाच असेल. मी विचारलं, ज्यांच्याविरुद्ध संप आहे त्यांना तरी कळवलंत का? ते म्हणाले, ती समजून जाईल. तू समजली नाहीस असं मी धरून चालते.

सही: दर्शना.

ता. क. २. मी त्यांच्याशी बोलणी केली. फार बोलले नाही. एवढंच विचारलं की तुम्हीच आडवे झालात तर बायला कणकवलीला जा म्हणून कोण दटावणार. माझं ती ऐकत नाही, माझ्या वाट्याला चाळीस सेकंद येतात. त्यांनी चहा संपेपर्यंत विचार केला आणि शेवटच्या घोटाबरोबर गोळी घेतली. संप मागे घेतलेला नाही, तहकूब केला आहे, शुक्रवार २१ फेब्रुवारीपर्यंत. तोवर तुझा कागद आला तर कायमचा मागे. नाही आला तर २२ तारखेपासून पुन्हा सुरू, आणि या वेळी आपण मध्ये पडणार नाही असं आईनंही सांगितलं आहे.

ता. क. ३. अटी बाबांच्या आहेत, मी फक्त उतरवते. हॉस्पिटलसमोर उभं राहून काढलेला फोटो चालणार नाही. शेजारणीचा ईसीजी चालणार नाही. पट्टीवर तुझं नाव आणि तारीख हवी. मानसीवहिनीशी मी आज सकाळपासून दोनदा बोलले आहे. ती मंगळवारी किंवा गुरुवारी तुला स्कूटरवरून नेईल. तपासणीला दहा मिनिटं लागतात, टोचत नाहीत, आणि त्यात पास-नापास नसतं. काही निघालं तर तिकीट मी काढते, डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलं आहे. त्यांनी एवढंच विचारलं की ही तीच बाय का.

ईसीजीच्या पट्टीचा फोटो मानसीवहिनीच्या फोनवरून पाठव, आणि डॉक्टर काय म्हणाले ते स्वतः लिहून कळव. उत्तर शुक्रवार, २१ फेब्रुवारीपर्यंत मला मिळावं.